मुलाची बाहुली

आयुष्यभर मराठी आणि इतिहासाचे पेपर तपासले. निबंधांवर, हस्ताक्षरावर, स्नेहसंमेलनातल्या नाटकांवरही शेरे मारले. पण पंचाहत्तरीला टेकल्यावर एका खेळण्याचं परीक्षण लिहायला बसेन असं कधी वाटलं नव्हतं. तरी बसलोय खरा. त्यामागे थोडा इतिहास आहे, थोडं माझं स्वतःचं देणं आहे. दोन्ही सांगतो.

झालं असं, की या दिवाळीत मुलगा बायको-पोराला घेऊन पुण्याहून लातूरला आला. तो यायच्या आदल्या दिवशी त्याच्या नावाचं एक पार्सल घरी आलं. आत एक खोका, खोक्याला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आणि खिडकीत लाल-निळ्या पोशाखातला स्पायडरमॅन. उंची सहा इंच, म्हणजे वीतभरही नाही. शेजारी हाताच्या पंजांच्या जादा जोड्या साच्यात बसवून ठेवलेल्या. किंमत विचारली आणि गप्प बसलो. १९७३ साली नोकरीला लागलो तेव्हा माझा वर्षाचा पगार जवळपास तेवढाच होता.

नातू सात वर्षांचा. त्याला वाटलं, आपल्यासाठीच आलंय. त्याने खोक्याला हात घातला तसा मुलगा म्हणाला, "ए, उघडायचं नाही ते! डब्यासकट असेल तरच त्याला किंमत असते." नातवाने भोकाड पसरलं. आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "लेकरू रडायलंय आन् तुम्ही दोघं बापलेक डबा काय बघत बसलाव?"

मुलाच्या पुण्याच्या घरी असे खोके काचेच्या कपाटात ओळीने लावलेले आहेत हे मला माहीत होतं. एकही फोडलेला नाही. बेचाळीस वर्षांचा, चांगल्या नोकरीतला माणूस बाहुल्या जमवतो, याचं मला मनातून हसू यायचं. एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "अण्णा, बाहुल्या नाहीत त्या. अॅक्शन फिगर म्हणतात."

आता मी पडलो भाषेचा मास्तर. शब्द अडला की मला झोप येत नाही. त्या रात्री नातवाच्या आईकडून इंटरनेटवर कसं शोधायचं ते पुन्हा एकदा शिकून घेतलं आणि वाचत बसलो. तेव्हा कळलं, की हा सगळा शब्दाचाच खेळ आहे.

अमेरिकेत १९५९ साली बार्बी नावाची बाहुली आली. मुलींनी ती डोक्यावर घेतली. बाहुलीपेक्षा जास्त पैसा तिच्या कपड्यांवर मिळतो हे कंपन्यांच्या लक्षात आलं. मग स्टॅन वेस्टन नावाच्या गृहस्थाने हॅस्ब्रो कंपनीला सुचवलं, की मुलांसाठीही असंच काही काढा, सैनिक काढा. त्यातून १९६४ साली साडेअकरा इंची जी. आय. जो हा शिपाई निघाला. त्याचे गणवेश बदलता येत, हातपाय हवे तसे वाकवता येत. म्हणजे सगळी लक्षणं बाहुलीचीच. पण मुलासाठी बाहुली कोण बाप विकत आणणार? म्हणून कंपनीने सक्त ताकीद दिली, की हिला बाहुली म्हणायचं नाही, अॅक्शन फिगर म्हणायचं. मुलाने मला ऐकवलेलं वाक्य साठ वर्षांपूर्वी एका कंपनीने तयार केलेलं होतं तर!

पुढची गंमत अशी, की हा वाद कोर्टात गेला. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या बाहुल्यांवर कर जास्त आणि इतर खेळण्यांवर कमी असायचा. जी. आय. जो ही बाहुलीच आहे असा निकाल १९८९ साली तिथल्या अपील कोर्टाने दिला. मात्र २००३ साली एक्स-मेन मालिकेतल्या वीरांच्या मूर्तींबद्दल निकाल उलटा लागला. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, हे वीर काही पूर्ण माणूस नव्हेत, सबब ती खेळणी. कर १२ टक्क्यांऐवजी ६.८ टक्के. आता एक्स-मेनच्या गोष्टींचं सारं सार काय, तर जग यांना राक्षस समजतं पण हीसुद्धा माणसंच आहेत. आणि त्यांच्याच कंपनीने पैसे वाचवायला कोर्टात सांगितलं, की ही माणसं नाहीत! वकील काय काय सिद्ध करील याचा नेम नाही.

पण हसताना मला माझं नांदेडचं लहानपण आठवलं. आमच्याकडे तरी वेगळं काय होतं? बहिणीकडे चिंध्यांची बाहुली होती. तिचं लग्न लागायचं आणि मला त्यात फक्त वऱ्हाडी म्हणून जेवायला प्रवेश. एकदा ती बाहुली मी उशाशी घेऊन झोपलो, तर आजी म्हणाली, "पोराच्या जातीला बाहुली शोभती का?" मुलांच्या वाट्याला पोळ्याचे मातीचे बैल. श्रावणी अमावास्येच्या आधी कुंभार ते बाजारात मांडून बसायचे. आम्ही त्यांना रंग द्यायचो, शिंगांना बेगड लावायचो, पुरणपोळीचा घास दाखवायचो. पोळा झाला की दोन-चार दिवसांत कुणाचं शिंग जायचं, कुणाचा पाय, आणि महिन्याभरात बैल परत माती. पुढच्या वर्षी नवीन. तो जपून ठेवायचा असतो असं कुणाच्या डोक्यातही येत नसे.

आणि वीर? वीरही होता आमचा. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला फँटम त्यातून भारतातल्या घराघरांत गेला. मराठीत त्याचं नाव वेताळ. चांदोबातला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आम्हाला आधीपासून ठाऊक होता. त्यात हा मुखवटा घातलेला, कवटीच्या गुहेत राहणारा, ठोसा मारला की गुंडाच्या हनुवटीवर कवटीचा शिक्का उठवणारा नवा वेताळ आला. मोठ्या भावाच्या मित्राकडून अंक मिळायचे. भूगोलाच्या पुस्तकात घालून मी ते वाचत असे. गोदावरीच्या घाटावर बहिणीच्या जुन्या परकराच्या कापडाचा मुखवटा बांधून मी वेताळ झालो होतो आणि काठावरून उडी मारताना गुडघा फोडून घेतला होता. त्याचा वण अजून आहे.

परवा वाचताना कळलं, की १९६६ साली अमेरिकेत कॅप्टन अॅक्शन नावाची एक मूर्ती निघाली होती. तिला वेगवेगळ्या वीरांचे पोशाख चढवता येत. सुपरमॅन, बॅटमन, आणि त्यात आमचा वेताळसुद्धा! रात्री अकरा वाजता ते चित्र बघून मी खुर्चीतच सरळ बसलो. साठ वर्षांनी कळूनही मला वाटलं, अरे, हे मला तेव्हा हवं होतं.

हे असं वाटणं ज्याने एकदा अनुभवलं, त्याने पुढे आपल्या पोराशी कसं वागावं? सांगतो. पण त्याआधी थोडं तेरला जाऊन येऊ.

तेर हे गाव आता धाराशिव म्हणवणाऱ्या जिल्ह्यात आहे. लातूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. शाळेची सहल मी तिथे कितीतरी वेळा नेली. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणबरोबर तगरचं नाव येतं. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे हे गावातले व्यापारी. टेकाडांतून, शेतांतून निघालेल्या हजारो जुन्या वस्तू त्यांनी जमवल्या. सातवाहनकाळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती त्यात आहे. इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत तिच्यासारखीच मूर्ती सापडली, म्हणून ती जगभर नावाजली गेली.

पण मुलं रमायची ती मातीच्या मूर्तींपाशी. पांढऱ्या मातीच्या, केओलिनच्या बाहुल्या. त्या दोन साच्यांत करत. पुढचा भाग एका साच्यात, पाठ दुसऱ्यात, मग दोन्ही ओल्या असतानाच जोडायचे. नीट पाहिलं तर बाजूला जोडाची रेघ दिसते. मुलांना मी ती रेघ शोधायला सांगत असे. आणि गंमत बघा, परवा स्पायडरमॅनच्या खोक्याला भिंग लावून पाहिलं, तर त्याच्या पोटरीवर तीच रेघ! दोन हजार वर्षं गेली, मातीचं प्लास्टिक झालं, पण दोन साच्यांची रीत सुटली नाही.

आता प्रश्न असा, की तेरच्या बाहुलीला किंमत कशामुळे आली? त्या बाहुल्या कुणी खोक्यात ठेवून दिल्या नव्हत्या. फुटल्या, हरवल्या, मातीत गेल्या. हजारांतली एखादी उरली म्हणून ती आज काचेत आहे. मुलाच्या छंदाचा हिशोबही असाच निघाला. सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो अंक १९३८ चा, किंमत दहा सेंट. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरसवदा मित्रांनी त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरला विकून टाकले. त्या अंकाची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरला गेली. कारण बाकीच्या प्रती पोरांनी वाचून, दुमडून, फाडून संपवल्या. पोरांनी खेळून संपवलेल्याची किंमत न खेळलेल्याला मिळते, असा हा उलटा बाजार आहे.

त्याचा कळस १९७७ साली झाला. स्टार वॉर्स चित्रपट मे महिन्यात लागला आणि तुफान चालला. केनर कंपनीला नाताळपर्यंत खेळणी तयार करता येईनात. तेव्हा त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं! आत एक चिठ्ठी, ती पाठवा, चार मूर्ती पुढच्या वर्षी घरी येतील. लोकांनी ते घेतलं. वाचून मी नातवाच्या आईला म्हटलं, "आता फक्त डबा विकायचा बाकी राहिला होता, तोही विकून झाला." ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही ह्यांना हसता, पण ह्यांनी खेळणी का जमवायला सुरुवात केली ते कधी विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. कारण उत्तर मला ठाऊक होतं.

साल १९९३. मुलगा दहा वर्षांचा, माझ्याच शाळेत. त्याच्या मामाने हैदराबादहून त्याला एक जी. आय. जो आणला होता. हा चार बोटांएवढा लहान प्रकार. पाठीत एक स्क्रू आणि कमरेत आतून रबराचं कडं, त्यावर सगळा शिपाई तोललेला. ते कडं तुटलं की कमरेपासून वर एक आणि खाली एक असे दोन तुकडे व्हायचे. तसे ते झालेही. मी म्हटलं, टाकून दे. पोराने काय करावं? सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा मागून आणला, स्क्रू काढून आत बसवला आणि शिपाई पुन्हा उभा केला. तीन दिवस लागले त्याला. ते त्याचं एकुलतं एक विकतचं खेळणं.

३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगडामातीच्या भिंतींखाली गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आमच्या शहरातही सगळे रस्त्यावर आले होते, पण आम्ही वाचलो. त्यानंतर आम्ही शिक्षकांनी कपडे, भांडी, धान्य गोळा करायला सुरुवात केली. शाळेत एक खोका ठेवला, मुलांनी आपल्या घरची खेळणी आणून टाकावीत म्हणून. मास्तरांच्या घरून काही आलं नाही असं कसं चालेल? एका सकाळी मुलगा आंघोळीला गेला असताना मी तो शिपाई उचलला आणि पिशवीत टाकला. विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यात आलंच नाही. तिकडे पोरांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, आणि मी चार बोटांच्या प्लास्टिकचा विचार करत बसू?

ती खेळणी घेऊन आम्ही औसा तालुक्यात गेलो. पत्र्याच्या निवाऱ्यांपाशी पाच-सहा वर्षांच्या एका पोराने तो शिपाई उचलला, मूठ मिटली, आणि आम्ही निघेपर्यंत ती उघडली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे खेळणं वाया गेलं असं मी आजही म्हणणार नाही.

चूक पुढे झाली. त्या मिटलेल्या मुठीची गोष्ट मी वर्गात सांगू लागलो. निवृत्त होईपर्यंत सांगितली. आणि प्रत्येक वेळी म्हणायचो, "माझ्या मुलाने आपलं एकमेव खेळणं आनंदाने दिलं." आनंदाने हा शब्द माझा. त्याने दिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने घरभर शोधलं, मी खरं काय ते सांगितलं, आणि तो एक शब्द न बोलता अंगणात जाऊन बसला. तेवढं मी गोष्टीतून गाळलं.

तेरला गोरोबाकाकांचं मंदिर आहे. दर सहलीला मुलांना मी ती कथा सांगायचो. गोरा कुंभार विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवत होते आणि त्यांचं रांगतं लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही. भक्ती किती खोल होती हे मुलांना समजावं म्हणून सांगायचो. त्या लेकराच्या बाजूने ती कथा कधी ऐकू आली नव्हती. या दिवाळीच्या रात्री, संगणकासमोर बसून, पहिल्यांदा आली. त्यांच्या कथेत पांडुरंग लेकरू परत देतो. आमच्या घरी तसं कुणी येणार नव्हतं, बोलायचं ते मलाच बोलायला हवं होतं.

भाऊबीजेच्या सकाळी चहा पिताना बोललो. म्हटलं, "त्या शिपायाबद्दल मी वर्गात खोटं सांगत आलो." मुलगा कपाकडे बघत म्हणाला, "माहितीय मला अण्णा. आठवीत तुम्ही आमच्याच वर्गात सांगितलं होतं. सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या."

मला काही सुचेना. मी म्हटलं, "विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं असतं तर दिला असता की," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ती व्हॉल्व्ह ट्यूब किती दिवस टिकली असेल हो?"

एवढंच. त्याने कप ठेवला, आत जाऊन कात्री आणली आणि पोराला हाक मारली. मी म्हणालो, "अरे, किंमत जाईल." म्हणाला, "जाऊ द्या." आणि खोका फोडला.

तर आता परीक्षण. मूर्तीचे गुडघे आणि कोपरं दोन-दोन जागी वाकतात, त्यामुळे कोळ्यासारखं उकिडवं बसवता येतं. घोट्याचा सांधा आतबाहेर कलतो, म्हणून पाय फाकवूनही तळवे जमिनीला टेकतात. चेहऱ्यावरच्या जाळ्याच्या रेघा बारीक आणि स्वच्छ. दोष असा, की एका पायावर उभी राहत नाही, पुस्तकांचा टेकू द्यावा लागतो. मी ज्ञानेश्वरीचा देणार होतो, सौभाग्यवतींनी तो काढून शब्दकोशाचा दिला. पंजे बदलताना जोर लागतो, सात वर्षांच्या हाताला ते जमत नाही, आजोबांच्या हाताला तर नाहीच.

आणि त्या वीराबद्दलही थोडं. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली तो निर्माण केला. मूळचा शाळकरी पोरगा, आईबाप नसलेला, काका-काकूंनी वाढवलेला. हातून निसटू दिलेल्या चोराने पुढे काकांचाच जीव घेतला, हे त्याला जन्मभर सलतं. मला वाटायचं, हे उडणारे-लटकणारे म्हणजे नुसती ताकद. हा तर चुकीची टोचणी घेऊन फिरणारा निघाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या पीपल्स कॉलेजात शिकलेल्या मला खरे वीर कोण हे कुणी नव्याने सांगायला नको. पण पोराच्या मुठीत मावणारा एखादा वीरही असावा, त्याने पहिल्यांचं काही कमी होत नाही, एवढं आता मान्य करतो.

चार दिवस नातवाने त्याला पलंगावरून, तुळशी वृंदावनावरून, पाण्याच्या टाकीवरून उड्या मारायला लावल्या. निघायच्या दिवशी एक पंजा सापडेना. सगळं घर झाडलं, मिळाला नाही. पोरगा रडेल असं वाटलं, पण तो म्हणाला, "असू दे, त्याला लढताना लागलंय."

ती मंडळी गेल्यावर आठ दिवसांनी सौभाग्यवतींना तो गव्हाच्या पिंपामागे मिळाला. मी मुलाला फोन करून सांगितलं, की कुरिअरने पाठवतो. तो म्हणाला, "नको अण्णा, राहू द्या तिथंच. उन्हाळ्यात आलो की लावू."

तेव्हा सध्या तो माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात आहे. असो.